डहाणूची चिमणी आणि एक अट

लहानपणी नगरला लोडशेडिंग असायचं. वीज ‘आली’ किंवा ‘गेली’, एवढंच कळायचं. ती कुणाच्या दारात तयार होते, हा प्रश्न मला खूप उशिरा, डहाणूबद्दल वाचताना पडला.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीला चिकूच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डहाणूत ५०० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र उभारायचं होतं. १९८९मध्ये दिल्लीने परवानगी दिली, पण धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवण्याच्या अटीवर. स्थानिक लोक कोर्टात गेले. १९९१मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकल्प थांबवला नाही. मात्र पूर्ण विचार केल्याशिवाय ही अट शिथिल करू नका, असं बजावलं. त्याच जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला.

१९९५मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. यंत्रणा बसलेलीच नव्हती.

१९९६मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. १९९९मध्ये त्याने यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. तरी काम रेंगाळलं, तेव्हा कंपनीकडून ३०० कोटींची बँक गॅरंटी मागितली. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ती यंत्रणा २००७मध्ये सुरू झाली.

आम्ही कोडमध्ये ‘हे नंतर करू’ अशी कॉमेंट टाकतो आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. डहाणूची अटही तशीच राहिली असती. कागदावरून चिमणीपर्यंत पोचायला तिला १८ वर्षं लागली. पोचली, ती लोकांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून.