बुद्धीची परीक्षा आणि मुलांचा खेळ

शासकीय सेवेत असताना अपंग-कल्याणाचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. त्या काळात प्रमाणपत्रासाठी आलेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आम्हांला अजून आठवतो. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे हात ताठ झालेले, मान डळमळती आणि वाचा नाही. त्याच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवले गेले. ते त्याला उचलता आले नाहीत. प्रश्न विचारले गेले; उत्तर आले नाही. कागदावर 'मतिमंद' अशी नोंद झाली आणि आम्हीही त्यावर निमूटपणे सही केली. निघताना त्याची आई म्हणाली, "साहेब, ह्याला सगळं कळतं हो." तिचे म्हणणे नोंदवण्यास त्या नमुन्यात रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा आम्ही ह्या विषयाचा मागोवा घेतला. मुलांच्या बुद्धिमापनाचा शास्त्रीय इतिहास सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे. फ्रान्स सरकारने १९०४ साली नेमलेल्या समितीच्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची श्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी खास शिक्षणाची गरज कोणास आहे, हे ठरवण्यासाठी ती होती. ह्या कसोट्यांचा मोठा भाग बोलण्यावर आधारलेला होता.

हीच पद्धत पुढे आमच्या सीमाभागाच्या भाषांत आली. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्यांचे कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ साली विद्वानांपुढे मांडले; १९४० मध्ये त्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला. परक्या भाषेतील प्रश्नांनी आपल्या मुलांची पारख करू नये, हा त्यामागचा विचार आम्हांला मोलाचा वाटतो.

भाषेचा अडसर इतरत्रही जाणवत होताच. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर नाना देशांचे लोक उतरत. इंग्रजी न येणाऱ्यांना मंदबुद्धी ठरवण्याचा धोका ओळखून तेथील डॉक्टर हॉवर्ड नॉक्स यांनी १९१४ च्या सुमारास चार ठोकळ्यांची कसोटी वापरात आणली. परीक्षकाने ज्या क्रमाने ठोकळ्यांवर टिचकी मारली, त्याच क्रमाने समोरच्याने मारायची. पुढे सॅम्युएल कोह्स यांनी रंगीत ठोकळ्यांतून आकृत्या जुळवण्याची कसोटी दिली. चं. मो. भाटिया यांनी उत्तर प्रदेशातील साक्षर व निरक्षर मुलांवर आजमावलेल्या आणि १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या पाच कसोट्यांतही कोह्स यांचे ठोकळे आहेत. अशा रीतीने वाचेची अट सुटली. हाताची मात्र राहिली. आमच्या मेजापुढचा तो मुलगा नेमका तेथेच अडला होता.

ही अट सुटण्याचा मार्ग खेळातल्या यंत्राने दाखवला. सीमोर पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा निर्माण केली आणि पुढे तिच्या आज्ञांनी जमिनीवर फिरणारे यांत्रिक 'कासव' आले. त्यांच्या १९८० मधील 'माइंडस्टॉर्म्स' ह्या ग्रंथाचेच नाव लेगो कंपनीने १९९८ साली आपल्या जोडणीच्या रोबोसंचाला दिले.

दरम्यान अल्बर्ट कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अगदी लहान अपंग बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला होता. बालकाने बटण दाबले की यांत्रिक हात दूरची वस्तू जवळ आणून देई. कुक पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात गेले. तेथे पेटीत कोरडी मॅकरोनी भरून तीत वस्तू पुरल्या जात आणि मुले बटणांच्या साहाय्याने यंत्राकडून ती उकरून घेत. लेगोचे संच आल्यावर महागड्या यांत्रिक हाताची गरज उरली नाही. किम अ‍ॅडम्स, पोर्तुगालचे पेद्रो एन्कार्नासाव आदी संशोधकांसमवेत त्यांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या निरोगी मुलांनाही हे खेळ देऊन पाहिले. कारण कोणत्या वयात काय जमते हे कळल्यावाचून तुलना कशाशी करणार?

खेळ अगदी साधा. बटण दाबले की चाकांचा छोटा रोबो पुढे जाऊन ठोकळ्यांचा मनोरा पाडतो. येथे कार्यकारणभाव कळतो की नाही ते दिसते. मग ठरावीक जागी बटण सोडून त्याला थांबवायचे. ही संयमाची परीक्षा. पुढे दोन बटणांतून डावे-उजवे निवडायचे आणि शेवटी आधी वळवून मग पुढे न्यायचे, म्हणजे क्रम मनात धरायचा. बटण हाताने दाबा, डोक्याने दाबा वा पायाने. मोजले जाते ते मनातले. मुलांचा हा खेळ पाहिल्यावर त्यांच्या कुवतीविषयी पालकांची व शिक्षकांची धारणा बदलल्याचे ह्या संशोधकांना आढळले.

अर्थात ह्यातून बुद्ध्यंक काढता येत नाही. अनावर स्नायूंमुळे बटण नको तेव्हा दाबले जाते. एखाद्या मुलाला खेळातच गोडी नसते. जमले तर कळते एवढे निश्चित. जमले नाही तर कळत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. आम्हांला हाच ह्या इतिहासाचा मुख्य धडा वाटतो.

त्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली ती आपल्या कन्येच्या अनुभवातून. सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्या कन्येने, मालिनी चिब यांनी, पुढे उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करीत लिहिलेले त्यांचे आत्मकथन २०१० साली प्रसिद्ध झाले.

२०१६ च्या कायद्याने 'मतिमंद' ह्या अर्थाचा जुना शब्द काढून 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आणला. शब्द बदलला हे उत्तम झाले. पण ठोकळा उचलता न येणे आणि ठोकळा न कळणे ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे सही करणाऱ्याच्याही ध्यानी असले पाहिजे. आमच्या ध्यानी ते त्या दिवशी नव्हते. तो मुलगा आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.