एक क्लब, सगळा गोवा: एफसी गोवाची दहा-अकरा वर्षं आणि त्यामागची शंभर

 

आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. 2014 साली जन्मलेला एक फुटबॉल क्लब, एफसी गोवा. जेमतेम अकरा वर्षांचा. इतिहासाच्या व्याख्यानमालेत एवढ्या लहान वयाच्या संस्थेवर तासभर काय बोलणार, असं तुम्हाला वाटू शकतं. पण मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. हा क्लब लिलावातून आणि करारांतून जन्मला हे खरंच. पण तो जिवंत राहिला तो त्याच्याआधीच्या क्लबांनी तयार केलेल्या जमिनीवर. आणि त्याच्या जन्माबरोबर त्या जुन्या क्लबांची जागा आकसत गेली. म्हणजे एकीकडे वारसा, दुसरीकडे विस्थापन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र ठेवल्याशिवाय या क्लबचा इतिहास समजत नाही.

आधी भूगोल बघा. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 लाख 58 हजार. महाराष्ट्रातला एखादा मध्यम जिल्हासुद्धा याहून मोठा असतो. एवढ्याशा प्रदेशात फुटबॉल आला 1883 साली, असं मानलं जातं. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यांनी शिवोलीत मुलांना हा खेळ शिकवला. पुढे तो चर्चच्या शाळांमधून गावोगाव पसरला. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात गोल उभे राहायचे, आणि गाव विरुद्ध गाव असे सामने व्हायचे.

हा खेळ गोव्याच्या हद्दीत थांबला नाही. कामासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांनी तो बरोबर आणला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवलं. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मूळचे गोव्याचे, आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, हे लक्षात ठेवा. मुक्ती 1961 ची, घटकराज्याचा दर्जा 1987 चा.

आता क्लबांकडे येऊ. मुक्तीच्या आसपास आणि नंतर गोव्यात जे मोठे क्लब उभे राहिले, त्यातल्या अनेकांमागे खाणीचा पैसा होता. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं आधी लोहखनिजाच्या धंद्यातली, मग फुटबॉलमधली. मालकाला त्यात प्रतिष्ठा मिळायची, आणि खेळाडूला पगार. कितीतरी पोरांसाठी क्लबात निवड होणं म्हणजे घरात पहिला नियमित पगार येणं. याच्या जोडीला वास्को होता, दक्षिणेत वार्क्याच्या आलेमाव कुटुंबाचा चर्चिल ब्रदर्स होता, पुढे स्पोर्टिंग क्लुब द गोवा आला.

या क्लबांनी काय केलं, त्याचा एक आकडा सांगतो. आज माझं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात हंगाम भारताचा राष्ट्रीय लीग विजेता गोव्याचा होता. धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. सात वर्षं कोलकाता नाही, मुंबई नाही, बंगळुरू नाही. देशातल्या सगळ्यात लहान राज्याकडे सलग सात वर्षं! आणि हे तीन वेगवेगळ्या क्लबांनी केलं. म्हणजे ताकद एका मालकात नव्हती, आपसातल्या चुरशीत होती. शनिवारी धेंपो-चर्चिल सामना झाला की सोमवारी ऑफिसात, बाजारात, तावेर्नात दोन तट पडायचे.

मग हे थांबलं का? दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं कारण खाणी. 2012 साली आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणकामाला स्थगिती दिली. प्रत्येक क्लबाचा पैसा थेट खाणीतूनच यायचा असं नाही. धेंपोंनी तर 2009 मध्येच आपला खाण व्यवसाय विकला होता. पण ज्या अर्थव्यवस्थेवर ही सगळी हौस उभी होती, तीच डळमळली. दुसरं कारण म्हणजे इंडियन सुपर लीग. 2014 मध्ये ही लीग सुरू झाली तेव्हा ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती. परदेशी नामवंत, टीव्हीवरचा झगमगाट, आणि एका शहराला किंवा राज्याला एकच संघ.

हा 'एकच संघ' गोव्यासाठी अगदी नवा प्रकार होता. तोवर 'गोवा' या नावाने खेळायचा तो संतोष करंडकाचा राज्य संघ. क्लब म्हटला की तो कुणाचा तरी असायचा: या कंपनीचा, त्या घराण्याचा, अमुक गावाकडचा. ऑगस्ट 2014 मध्ये एफसी गोवा स्थापन झाला आणि पहिल्यांदा सगळ्या गोव्याला एक रोजचा क्लब मिळाला. चिन्हावर गवा, राज्यप्राणी. घोषणा पोर्तुगीज, 'फोर्सा गोवा'. मैदान फातोर्ड्याचं.

आणि सुरुवातीचे मालक कोण? व्हिडिओकॉनबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. मैदानावरचे जुने प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसले. विराट कोहलीही सहमालक झाला. प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचा झिको आला, खेळाडूंत फ्रान्सचा रॉबेर पिरेस. पोस्टरवर ही नावं होती. पण संघात बाकी कोण होतं? मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, लक्ष्मीकांत कट्टीमणी, क्लिफर्ड मिरांडा. ही सगळी धेंपोच्या संघातली पोरं. नव्या जर्सीच्या आत जुना क्लबच होता, असं म्हणायला हरकत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. पहिल्याच हंगामात उपांत्य फेरी. तिथे कोलकात्याकडून पेनल्टीवर हार. 2015 मध्ये अंतिम सामना, तोही फातोर्ड्यावर, चेन्नईयिनविरुद्ध. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे होता. सामना संपला तेव्हा निकाल 2-3. गोव्यात हा सामना अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतरच्या गोंधळावरून क्लबवर शिक्षा झाली, मोठा दंड आणि गुणकपात. पैकी गुणकपात अपिलात रद्द झाली. 2016 मध्ये संघ थेट तळाला गेला.

याच 2016 मध्ये, टीव्हीवर फारसं न दिसलेली, पण माझ्या मते जास्त मोठी घटना घडली. भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला देशातली सर्वोच्च लीग करायचा आराखडा मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. म्हणजे बघा, ज्या दोन घराण्यांनी नवा क्लब उभा करायला हात लावला, त्यांच्याच जुन्या क्लबांना राष्ट्रीय लीगमध्ये भविष्य दिसेना. राष्ट्रीय पातळीवर चर्चिल तेवढा उरला. जिथे विशीतल्या गोवेकर पोराला चार दारं ठोठावता येत होती, तिथे दोन राहिली. प्रश्न भावनेपुरता नाही. किती जणांना या खेळावर पोट भरता येईल, हा प्रश्न आहे.

एफसी गोवाची मालकीही पुढे बदलली. आणि मैदानावर त्याचे चांगले दिवस नेमके तेव्हाच आले. 2017 मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, त्यांच्याबरोबर फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला 'कोरो'. पहिल्या हंगामात 18 गोल, दुसऱ्यात 16, दोन्ही वेळा लीगमध्ये सर्वाधिक. मार्च 2019 मध्ये अंतिम सामना पुन्हा हरला, बंगळुरूकडून जादा वेळेत 0-1. पण एप्रिलमध्ये सुपर कप जिंकला. हा क्लबचा पहिला करंडक.

2019-20 मध्ये संघ गुणतालिकेत आघाडीवर असताना क्लबने लोबेरांनाच काढलं. सूत्रं गेली क्लिफर्ड मिरांडाकडे. तोच, धेंपोतून आलेला गोवेकर. त्याच्या हाताखाली संघाने जमशेदपूरला 5-0 ने हरवून लीगमधलं पहिलं स्थान पक्कं केलं. त्यामुळे एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. 2021 मध्ये ते सामने फातोर्ड्यावरच झाले, कोरोनामुळे रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. कतारचा अल रय्यान, अमिरातीचा अल वहदा, इराणचा पर्सेपोलिस असा गट. सहा सामन्यांत तीन बरोबरी, तीन पराभव. विजय नाही. पण ज्या स्पर्धेत भारताची पाटीच कोरी होती, तिथे तीन गुण लिहिले गेले. त्याच वर्षी ड्युरँड कप जिंकला. 2025 च्या मे महिन्यात पुन्हा सुपर कप. त्याच वर्षी ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र फातोर्ड्यावर आला. रोनाल्डो आला नाही, म्हणून बरेच जण हिरमुसले. पण गोव्याचा त्या सामन्यातला एकमेव गोल केला तो ब्रायसन फर्नांडिसने, एका गोवेकर पोराने. 1-2 ने हरलेल्या सामन्यातली ही बाब मला रोनाल्डोच्या न येण्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तक्रार नाही, हिशेब आहे. त्याच 2025 च्या जुलैमध्ये सुपर लीगचाच पुढचा हंगाम स्थगित झाला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. एका कागदाची मुदत संपली आणि देशभरातल्या क्लबांचे पगार, सराव, करार सगळं टांगणीला लागलं. इथे जुन्या व्यवस्थेची आठवण होते. ती गरीब होती, घराण्यांच्या मर्जीवर चालायची, तिचं उदात्तीकरण करू नये. पण तिला अनेक पाय होते. एक क्लब खचला तर दुसरा उभा असायचा. एकाच पायावर उभं राहिलेलं उंच दिसतं, पण त्याला धक्का सोसत नाही.

एक आशेची गोष्टही नोंदवायला हवी. धेंपो क्लब खालच्या लीगमधून वर चढत 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला. त्या हंगामात चर्चिलही होताच. तेव्हा एफसी गोवाचा इतिहास लिहिणाऱ्याने करंडक मोजावेत, जरूर मोजावेत. पण त्याच पानावर दुसरा रकाना आखावा: या वर्षी गोव्यात किती क्लब पगार देत होते, आणि पहिल्या संघात गोव्याची किती पोरं होती? पहिला रकाना क्लबचं यश सांगेल. हे यश अजून वीस वर्षं टिकेल का, ते दुसरा सांगेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.