शीवची टेकडी आणि सुट्टीतली चित्रवही

शीव स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की जवळच टेकडी लागते. पायथ्याशी उद्यान, जरा वर गेलं की पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय आणि माथ्यावर शीवच्या, म्हणजे सायनच्या, किल्ल्याच्या पडक्या भिंती. १६६९ ते १६७७ या काळात, जेरल्ड आँजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, ईस्ट इंडिया कंपनीने हा किल्ला बांधला. मुंबई बेट इथे संपायचं. पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. ती आधी पोर्तुगिजांची होती, १७३७ पासून मराठ्यांची झाली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. तोवर या बुरुजावरचा पहारेकरी समोर परमुलूख बघायचा.

या टेकडीच्या दक्षिणेला आमचा शीव कोळीवाडा. मी तिथे वाढले आणि पुढे शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. दर मे महिन्यात मुलांना मी एकच काम द्यायची. सुट्टीत जिथे जाल तिथे चित्रवही न्या, जे दिसेल ते काढा, खाली तारीख आणि गावाचं नाव लिहा. हे काम साधं वाटतं, पण त्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक मोठा तुकडा आमच्या दारातल्या या टेकडीवर घडला, आणि कोळीवाड्याच्या पोरांना तो माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात जेम्स फोर्ब्जपासून करते. १७६६ साली तो मुंबईत उतरला तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता, कंपनीचा कारकून. पगार तुटपुंजा, काम हिशेबाचं. पण हातात पेन्सिल होती. तो झाडं काढायचा, पक्षी काढायचा, देवळं, माणसं, गावं काढायचा. आजारी पडला तेव्हा हवापालटासाठी कोकणात बाणकोटच्या बाजूला गेला आणि महाड-दासगावकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत पोचला. तिथेही वही बरोबर होतीच. १७७५ मध्ये रघुनाथरावांच्या मदतीला कंपनीची फौज गुजरातेत उतरली, तेव्हा कर्नल कीटिंगचा चिटणीस म्हणून फोर्ब्ज छावणीत होता. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला. पत्रं, टिपणं आणि चित्रं मिळून त्याच्या संग्रहाचे १५० खंड आणि सुमारे ५२,००० पानं भरली होती. त्यातून निवडून १८१३ मध्ये त्याने ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ चार खंडांत छापलं. आपल्या किनाऱ्यावरची झाडं, माणसं, चालीरीती यांची माहिती शोधणाऱ्याला आजही त्या पानांकडे जावं लागतं.

तेव्हाचा साहेब इतकं का काढायचा? फोटो नव्हता, हे पहिलं कारण. दुसरं कारण राज्याचं होतं. खाडीचं तोंड किती रुंद, किल्ल्याची भिंत किती उंच, घाटात वाट कुठून चढते, हे कागदावर आणणारा माणूस कंपनीला हवा असायचा. पुढे १८०९ मध्ये कंपनीने आपल्या लष्करी उमेदवारांसाठी इंग्लंडात ॲडिसकोंबला शाळा काढली, तिथे चित्रकला हा नेमलेला विषय होता. तिसरं कारण सामानाचं. १७८० च्या आसपास लंडनच्या विल्यम रीव्ह्जने जलरंगाच्या घट्ट वड्या बाजारात आणल्या. त्याआधी रंग खलात घोटून तयार करायला लागायचा. आता ओला कुंचला वडीवर फिरवला की झालं. रंगपेटी खिशात मावू लागली आणि चित्र घराबाहेर पडलं. १८०६ मध्ये वोलॅस्टनने ‘कॅमेरा लुसिडा’चं पेटंट घेतलं. लोलकातून समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसायचं आणि कडा गिरवता यायच्या. ज्यांचा हात कच्चा होता तेही त्यामुळे प्रवासात चित्र काढू लागले.

आता आमची टेकडी. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. मुंबई आणि आसपासची त्याची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये लंडनला छापली गेली. त्यातलं एक आहे शीवच्या किल्ल्यावरून दिसणारं दृश्य. त्या वेळी शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध नव्हता. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना १७९८ मध्ये त्याचं काम सुरू झालं. म्हणजे वेल्सने पाहिली ती जोडरस्ता होण्याआधीची खाडी. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, अशी ती आमच्या पूर्वजांच्या पोटापाण्याची जागा. पाणी भराव्याखाली गेल्यावर कोळ्याच्या नातीला ती खाडी पाहायची असेल तर तिने कुठे जावं? अशा जुन्या चित्रांकडेच जावं लागतं. त्या परक्या प्रवाशाचं ऋण मी मानते.

वेल्सचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. तो पुण्याला पेशव्यांच्या दरबारात गेला. तिथला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांच्या पाठिंब्याने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम चिंतामण तांबट हा त्या शाळेतला सर्वांत नावाजलेला चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने वेल्स येण्याच्या आधीच, १७९० मध्ये, काढला होता. पुढे वेरूळच्या लेण्यांत बसून त्याने खांब, मूर्ती, दालनं मोजून-मापून कागदावर उतरवली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी १८०३ मध्ये ग्रंथ काढला आणि जगाने वेरूळ पाहिलं. लेण्यांतल्या अंधारात डोळे ताणून बसलेला मराठी माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रवासात चित्रवही उघडून बसलेल्या आपल्या माणसांत ज्याचं नाव आणि काम दोन्ही हाती लागतं, असा मला माहीत असलेला पहिला माणूस हाच. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी त्याचं नाव पाठ करून घेतलं.

एरवी आपल्याकडे प्रवास शब्दांत उतरला. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधली झाशी शब्दांनीच डोळ्यांपुढे उभी राहते. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं, तेही लेखणीने. कागदावर रेघ ओढून गाव टिपायचं काम शाळेतून यायचं होतं, आणि ती शाळा १८५७ मध्ये मुंबईत सुरू झाली: सर जमशेटजी जीजीभाई स्कूल ऑफ आर्ट. आपल्या तोंडी नुसतं जे.जे.

जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा चित्रप्रवास म्हणजे अजिंठा. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. मुंबईची मुलं लेण्यांच्या ओलसर काळोखात बसून बोधिसत्त्वाचा हात, हत्तीची सोंड, कमळाचं पान रेघ धरून शिकत होती. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. पण त्या कामातून या मुलांच्या बोटांत जे उतरलं होतं, त्याला आग लागली नाही. पुढच्या पिढ्यांना शिकवायला तेच उपयोगी पडलं.

तोवर फोटोग्राफी आली होती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. आता हाताने कशाला काढायचं, असा प्रश्न तेव्हाही कुणाला पडला असेल. त्याचं उत्तर मला महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या कामात सापडतं. कोल्हापूरचे धुरंधर १८९० मध्ये जे.जे.त आले आणि एकेचाळीस वर्षं तिथेच रमले. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांनी पोस्टकार्डांवर आणली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या १९१२ च्या आवृत्तीत त्यांचीच चित्रं आहेत. त्यांच्या चित्रांतला माणूस चालता चालता थांबलेला असतो, लुगड्याचा काष्टा कसा बसलाय ते कळतं, डोक्यावरच्या ओझ्याचा भार मानेत दिसतो. तेव्हाच्या कॅमेऱ्यापुढे माणसाला ताठ उभं राहावं लागे. धुरंधरांना तो हवा होता तसाच, कामात गुंतलेला सापडला.

आणि इथे त्या इतिहासाने वळण घेतलं असं मी मानते. टेकडीवर बसलेल्या प्रवाशाला मुलूख दिसतो. त्याच्या चित्रात आभाळ अर्धं, पाणी, झाडी, लांबचे डोंगर, आणि माणूस असलाच तर मुंगीएवढा, प्रमाण कळावं म्हणून ठेवलेला. माणूस कोण, काय करतोय, त्याच्या हातात कसलं जाळं आहे, हे इतक्या उंचीवरून कळत नाही. धुरंधर रस्त्यावर उतरले आणि माणूस मोठा झाला. चित्र कुठे बसून काढलं, यावर चित्रात कोण येणार ते ठरतं. हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी हे माझ्या आयच्या शेजारी बसून शिकले.

सुट्टीत आम्ही वसईकडच्या कोळीवाड्यात नातेवाइकांकडे जायचो. मी मासळीच्या पाटीवर बसलेली आय काढली, तर ती म्हणायची, “कोयता असा धरतात काय? मासा कापशील का बोट?” मग ती मला कोयता पायाखाली दाबून दाखवायची आणि मी पुन्हा काढायची. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा मामा काढला, तर तो म्हणाला की हा पाग उघडलेलाच नाही, असा पडला तर निवटीसुद्धा मिळायची नाही. उधाणाचं, म्हणजे मोठ्या भरतीचं, पाणी आणि भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी दोन्ही एकाच रेघेने काढलं होतं, तेही घरच्यांनीच दुरुस्त करून घेतलं. माझी चित्रं तपासणारे पहिले परीक्षक असे मासळीच्या वासाचे होते आणि त्यांच्याइतके कडक परीक्षक मला पुढे भेटले नाहीत.

कागद-रंगांचंही सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही रीत आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचली नसती. फोर्ब्जच्या काळात रंग विलायतेहून जहाजाने यायचे. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला, त्याचंच पुढे कॅम्लिन झालं आणि उंटाच्या छापाच्या रंगपेट्या महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोचल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांनी बाकीचं काम केलं. वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि मला सर्वांत प्रिय असलेलं स्मरणचित्र. पाहिलेलं आठवून काढायचं, तेही माणसांसकट: बाजार, बसथांबा, गणपतीची मिरवणूक. सुट्टीत वही भरलेली मुलं या पेपरात कधी अडत नाहीत, कारण त्यांनी गर्दी बघितलेली असते, पाठ केलेली नसते.

आमच्या कोळीवाड्याला या कामाची गरज जास्त आहे. फाळणीनंतर इथे पंजाबी निर्वासित वसले, त्यांच्या हातची कोळंबी ‘कोळीवाडा’ नावाने देशभर गेली, आणि आमचं ‘कोळीवाडा’ स्टेशन गुरु तेगबहादूर नगर झालं. त्या माणसांशी आमचा शेजार चांगला आहे. प्रश्न जमिनीचा आहे. २०१२ मध्ये पुनर्विकासासाठी इथली घरं पाडायला यंत्रं आली तेव्हा आमच्या बायका आडव्या गेल्या, त्यांना पोलिसांनी धरून नेलं. ही वस्ती कोळीवाडा आहे की झोपडपट्टी, यावर वाद झाला. आमच्या आज्यांना ज्याची शंका कधी आली नव्हती, ते कागदावर सिद्ध करायची वेळ आली. जुने नकाशे सरकारचे, जुनी दृश्यं साहेबांची. अंगण कुठे होतं, जाळी कुठे वाळायची, होळी कुठे पेटायची, हे आतल्या माणसाने काढून ठेवलेलं फारसं कुणाकडे नव्हतं.

चित्राने कोर्टातली केस जिंकता येते असा माझा दावा नाही. पण जी वस्ती आपल्याच माणसांनी पुन्हा पुन्हा काढली आहे, नावं-तारखांसकट, तिला कुणी सहज निनावी करू शकत नाही. म्हणून आता मी मुलांना सुट्टीचं काम देताना एक गोष्ट वाढवली आहे. आधी आपल्या वाड्यात फिरा. दार काढा, ओटा काढा, मावशीची पाटी काढा, आणि चित्र तिला दाखवून विचारा की काय चुकलं. ती सांगेल ते शेजारी लिहा, तिच्याच शब्दांत. मग गावाला जा, मालवणला जा, अजिंठ्याला जा, आणि तिथेही आधी एखाद्या माणसाजवळ बसा. शीवच्या टेकडीवर जरूर चढा, दृश्य आजही मोठं आहे. तिथे एक पान भरा. बाकीची वही खाली उतरून भरा. गंगाराम तांबटांनी लेण्यांत आणि धुरंधरांनी रस्त्यावर जे केलं ते कोळीवाड्याच्या अंगणात करायचं काम अजून बाकी आहे, आणि ते करायला या वाड्यातल्या मुलांइतका जाणता हात दुसरीकडे मिळणार नाही.