पिवळा परवाना

माणसांप्रमाणे ग्रंथांच्याही कपाळी काही शिक्के बसतात. शिक्का मारणारा हात केव्हाच बाजूला होतो. शिक्का मात्र पुसता पुसत नाही. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीविषयी आमच्या मनात असाच एक शिक्का अनेक वर्षे होता.

१९७० च्या सुमारास आम्ही महाविद्यालयात शिकत होतो. आमच्या थोरल्या काकांनी या कादंबरीची इंग्रजी प्रत आमच्या हाती ठेवली. हे पुस्तक कॅथलिकांना निषिद्ध असल्याचे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकले होते. चार दिवसांनी एकही पान न उलटता आम्ही प्रत परत केली, वर काकांना श्रद्धेविषयी दोन शब्द सुनावलेही. काका काही बोलले नाहीत. पुस्तक कपाटात गेले.

त्यामागील इतिहास आम्हांला पुढे उमगला. रोमने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची पहिली यादी प्रसिद्ध केली. ह्यूगोंची ‘नोत्र-दाम द पारी’ ही कादंबरी १८३४ मध्ये तिच्यात दाखल झाली. १८५१ च्या सत्तांतरानंतर ह्यूगोंना फ्रान्स सोडावा लागला आणि ग्वेर्नसी बेटावरील वनवासात त्यांनी ‘ले मिझेराब्ल’ पूर्ण केली. १८६२ साली ती पाच भागांत प्रसिद्ध झाली आणि वाचकांच्या तिच्यावर उड्या पडल्या. दोनच वर्षांत, १८६४ मध्ये, तीही त्या यादीत गेली. कॅथलिक टीकाकारांचे आक्षेप अगदीच निराधार होते असे नाही. मठजीवनावर ह्यूगोंनी कठोर टीका केली आहे. आणि एका प्रकरणात बिशप एका मरणोन्मुख क्रांतिकारकापुढे गुडघे टेकून त्याचाच आशीर्वाद मागतात. त्या काळच्या भाविकांना हे रुचणे कठीणच होते.

परंतु १९५९ साली ही कादंबरी यादीतून वगळण्यात आली आणि जून १९६६ मध्ये त्या यादीचेच कायदेशीर बंधन संपुष्टात आले. म्हणजे आम्ही काकांना ते पुस्तक परत केले तेव्हा ते मुक्त होऊन अकरा वर्षे लोटली होती. रोमने सोडलेला पूर्वग्रह आम्ही मात्र उराशी धरून बसलो होतो!

काका निवर्तल्यावर त्यांची पुस्तके आमच्याकडे आली, त्यांत ही प्रत होती. ओशाळल्या मनाने आम्ही ती उघडली. कादंबरीचा आरंभच एका बिशपांपासून होतो. दीन्यचे बिशप मिरिएल आपला प्रशस्त वाडा रुग्णालयाला देतात आणि स्वतः रुग्णालयाच्या अरुंद इमारतीत राहायला जातात. पंधरा हजार फ्रँकच्या वार्षिक वेतनातील केवळ एक हजार स्वतःसाठी ठेवतात. १८०५ ते १८३८ या काळात दीन्यचे बिशप असलेले बियांवनू द मिओलिस हे या व्यक्तिरेखेचे मूळ. गंमत अशी की, ह्यूगोंचे पुत्र शार्ल यांनाही हा बिशप मानवला नव्हता! धर्मगुरूऐवजी डॉक्टरसारखा एखादा आधुनिक व्यावसायिक घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पूर्वग्रह दोन्ही तीरांवर असतो तो असा. ह्यूगोंनी बिशप कायम ठेवले.

नंतर येतो जाँ वालजाँ. पावाच्या चोरीपायी पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षे तुरुंगात काढून तो १८१५ साली दीन्यमध्ये पोहोचतो. त्याच्याजवळ पिवळा परवाना आहे. तो ठाऊक होताच खाणावळीचे दार बंद होते. बिशपांचे दार तेवढे उघडे असते. तेथली चांदी चोरून तो पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात तेव्हा बिशप, चांदी आपणच दिली असे सांगून, राहिलेली दोन मेणबत्तीदानेही त्याच्या हाती ठेवतात.

त्या पानावर काकांनी खूण म्हणून एक पवित्र चित्र ठेवले होते. ते पाहून आम्ही बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

पुढे मात्र कादंबरीने आम्हांला सोडले नाही. जावेरचा पाठलाग, पॅरिसच्या गटारांतील ती भयंकर वाट, कधीही खोटे न बोलणाऱ्या धर्मभगिनी सिंप्लिस यांनी एका जिवासाठी उच्चारलेले दोन असत्य शब्द, हे वाचताना रात्री कशा सरल्या ते कळले नाही. वॉटर्लूच्या लढाईची पाने आम्ही प्रथम गाळली, हे प्रामाणिकपणे सांगतो; पुढे तीही आवडीने वाचली. साने गुरुजींना या कादंबरीचा ‘दुःखी’ हा मराठी अवतार सिद्ध करावासा का वाटला, तेही उमजले.

अखेर वालजाँच्या मृत्युशय्येजवळ बिशपांची तीच मेणबत्तीदाने उजळतात. आम्हांला आठवण झाली ती खाणावळवाल्याची. त्याने परवाना पाहिला, माणूस पाहिला नाही. आम्हीही यादी ऐकली, पुस्तक उघडले नाही; आणि ते देणाऱ्या काकांचे मनही ओळखले नाही. आता त्यांची क्षमा मागण्याची वेळ निघून गेली आहे.

आपल्या धर्मग्रामात आज कोणाच्या हाती आपण असा पिवळा परवाना दिला आहे, एवढे तरी प्रत्येकाने आठवून पाहावे. दार उघडायला अजून अवधी आहे.