वर्तमानपत्राचं कव्हर

इंदुरात अन्नपूर्णा रोडवर आम्ही राहायला आलो, तेव्हा सासूबाईंच्या ट्रंकेत शास्त्रांच्या पोथ्यांखाली हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ सापडलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर. ते पुस्तक जपायला नव्हतं हो, नाव झाकायला होतं. तमाशापटातल्या नटीचं आत्मचरित्र, चांगल्या घरात उघडं कसं ठेवायचं!

हंसाबाईंनी आपलं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं, त्याचं हे पुस्तक. नाव त्यांच्याच १९५९ सालच्या चित्रपटाचं. बाई १९७१ मध्ये गेल्या. पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांनी या पुस्तकावरून हिंदीत ‘भूमिका’ केला. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांना मिळाला, अभिनयाचा स्मिता पाटीलला. पुरस्कार योग्यच होता. एका बाईचं मागेपुढे धावणारं बोलणं अडीच तासांत बसवणं म्हणजे खायचं काम नाही. तरी ती तीन नावं वाचताना चौथं आठवतंच ना, मैत्रिणींनो?

तेव्हा पटकथेचा पुरस्कार एकच असे. स्वतःच्या मनातून लिहिलेली आणि पुस्तकावरून बेतलेली, दोन्ही एकाच ताटात. ऑस्करमध्ये रूपांतराला वेगळा मान १९२९च्या पहिल्या समारंभापासून आहे. आपल्याकडे तो २००९च्या चित्रपटांपासून मिळू लागला. दुसऱ्याच वर्षी तो मराठीकडे आला: ‘मी सिंधुताई सपकाळ’साठी अनंत महादेवन आणि संजय पवार यांना. त्याच्या पुढच्या वर्षी मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरच्या ‘शाळा’ला, आणि २०१६च्या चित्रपटांत बाबा भांडांच्या ‘दशक्रिया’वरच्या चित्रपटाला.

मला यात सिंधुताईंचं फार वाटतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, तिचं आयुष्य पडद्यावर आलं ते तिच्या डोळ्यांदेखत आणि तिच्याच नावाने, ‘मी’ सकट. हंसाबाईंची मात्र ‘भूमिका’त उषा झाली होती.

सासूबाईंनी ‘भूमिका’ टीव्हीवर पाहिला. संपल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नाव का गं बदललं हिचं? पुस्तकात तर तिने काहीच लपवलं नव्हतं.”

मी काय सांगणार? सिनेमावाल्यांचं असतं तसं, म्हणाले.

पुस्तकाचं कव्हर मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही.