तळटीप : अलायस
अलायस म्हणजे लांबलचक आज्ञेला वापरणाऱ्याने दिलेले आखूड नाव. युनिक्स या संगणकप्रणालीत ही सोय १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल जॉय यांच्या सी शेलमुळे रुळली; शेल म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम. ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या वाचकाला हा व्यवहार परका नाही, कारण लोकलच्या इंडिकेटरवर ‘के’ दिसले की कल्याण हे तो मनात भरून घेतोच, शिवाय कर्जतचे ‘एस’ आणि कसाऱ्याचे ‘एन’ ही गावाच्या नावाशी न जुळणारी अक्षरेही त्याला अडवीत नाहीत. शेल मात्र अर्थ लावीत नाही, केवळ मजकूर बदलतो : ओळीचे शब्द पाडताना आज्ञेच्या जागी आलेला शब्द तो अलायसांच्या यादीत शोधतो, सापडल्यास तेथे पूर्ण मजकूर बसवतो आणि त्या मजकुराचा पहिला शब्दही पुन्हा तपासतो. फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेचे ‘एलएस’ हेच नाव ‘एलएस -एल’ या मजकुराला दिल्यास हे चक्र संपणारच नाही. म्हणून ज्या नावाचा विस्तार चालू आहे ते त्याच विस्तारात पुन्हा आले तर जसेच्या तसे ठेवावे, हा नियम शेल लिहिणाऱ्याला पाळावाच लागतो. अवतरणचिन्हांत घातलेल्या शब्दाचा विस्तार होत नाही. बॅश या शेलमध्ये तर स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालवताना अलायस एरवी बंदच असतात.