हळदीचा कागद आणि तीन आकडे

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हळदीच्या कागदाचा प्रयोग घेतला होता. प्रयोग तसा जुनाच. कागदाच्या पट्ट्यांवर हळदीचा लेप देऊन त्या वाळवायच्या आणि साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. पिवळा कागद तांबडा होतो. या वेळी एका गटाने त्यात आपली भर घातली. कोऱ्या पिवळ्या पट्टीचे त्यांनी मोबाइलवर छायाचित्र काढले, ते संगणकावर चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि पट्टीवर टिचकी मारून तिच्या रंगाचे तीन आकडे वाचले: तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका. रंग मोजता आला म्हणून सगळे खूश झाले. मग दुसऱ्या गटाने तीच पट्टी आपल्या मोबाइलने टिपली. आकडे निराळे आले. तिसऱ्या गटाचे आणखीच निराळे. पट्टी एक, टेबल एक, खिडकीतला उजेडही एकच. तेव्हा एका बाईंनी विचारले, "सर, यातला खरा आकडा कोणता?"

त्या दिवशी आम्ही त्यांना अर्धेमुर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले उत्तर देण्यासाठी हे तीन आकडे आले कुठून याचा इतिहासच सांगावा लागतो. तो संगणकाच्या आधी शंभराहून अधिक वर्षे सुरू होतो.

पडद्यावरचा पिवळा

सुरुवात एका सोप्या निरीक्षणाने करू. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर पिवळा रंग भरा आणि त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखे काम करतो. त्यातून तांबडे आणि हिरवे ठिपके दिसतात. पिवळा ठिपका कुठेच सापडत नाही. याउलट रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या दिव्याचा प्रकाश खरोखर पिवळ्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ५८९ नॅनोमीटरचा असतो. हे दोन्ही प्रकाश भौतिकदृष्ट्या अगदी वेगळे. लोलकातून पाहिले तर फरक लगेच कळतो. पण नुसत्या डोळ्याला दोन्ही पिवळेच दिसतात.

असे का व्हावे? सूर्यप्रकाशाचे वर्णपटात पृथक्करण करणाऱ्या न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात याची दिशा दाखवली होती. किरणांना स्वतःचा रंग नसतो, आपल्यात रंगाची संवेदना जागी करण्याचा गुण मात्र असतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १८०२ च्या सुमारास टॉमस यंगने एक साधा तर्क मांडला. रंगाच्या छटा असंख्य आहेत, पण दृष्टिपटलाच्या प्रत्येक बिंदूवर असंख्य प्रकारचे ग्राहक असणे शक्य नाही. तेव्हा ते मोजकेच, बहुधा तीन प्रकारचे असावेत. आज आपण त्यांना शंकुपेशी म्हणतो. सोडियमचा पिवळा प्रकाश यांपैकी दोन प्रकारच्या पेशींना एकदम उत्तेजित करतो. तांबडा आणि हिरवा प्रकाश योग्य प्रमाणात मिसळला तर त्याच दोन पेशी तितक्याच उत्तेजित होतात. मेंदूला फरक कळायला मार्गच उरत नाही.

मॅक्सवेलचा भोवरा

यंगचा तर्क आकड्यांत उतरवला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. १८५५ साली, चोविशीच्याही आत असताना, त्याने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आपले रंगाचे प्रयोग मांडले. साधन होते एक भोवरा. त्यावर तीन रंगांच्या कागदी चकत्या एकमेकींत अडकवून बसवता येत: हिंगुळासारखी तांबडी, हिरवी आणि निळी. प्रत्येक रंगाचा किती भाग उघडा राहावा हे हवे तसे बदलता येई. आतल्या लहान वर्तुळात काळी आणि पांढरी चकती असे. भोवरा फिरला की बाहेरच्या तीन रंगांचे मिश्रण होई आणि आत राखाडी रंग दिसे. दोन्ही अगदी सारखे दिसेपर्यंत चकत्या सरकवायच्या आणि मग भाग मोजायचे. एका वाचनात ३७ भाग तांबडा, ३६ भाग हिरवा आणि २७ भाग निळा यांची बरोबरी २८ भाग पांढरा आणि ७२ भाग काळा यांच्याशी झाली. रंगाचे समीकरण तयार झाले!

मॅक्सवेलने रंगांधळ्या व्यक्तींनाही हा भोवरा दाखवला. त्यांची जुळणी कमी रंगांत होत असे; तीनाऐवजी दोनच रंग पुरत. म्हणजे 'तीन' ही संख्या प्रकाशातून आलेली नव्हती, पाहणाऱ्याच्या डोळ्यातून आली होती. या लेखातली हीच मुख्य गोष्ट आहे. आपल्या वर्गातही तांबडा-हिरवा फरक न कळणारा एखादा मुलगा असू शकतो. तो चुकत नसतो. त्याचे समीकरण वेगळे असते.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेलने पुढची पायरी दाखवली. टॉमस सटन या छायाचित्रकाराने एका रंगीत चौकटीच्या फितीची कृष्णधवल छायाचित्रे घेतली होती: एक तांबड्या द्रावणातून, एक हिरव्या, एक निळ्या. प्रत्येक छायाचित्र त्याच रंगाच्या प्रकाशाने पडद्यावर टाकून तिन्ही एकावर एक जुळवली, तेव्हा रंगीत फीत दिसली. आज चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चॅनल' उघडून पाहिले तर तीन कृष्णधवल चित्रे दिसतात. त्या मॅक्सवेलच्याच तीन काचा होत.

या प्रयोगाची एक गंमत शंभर वर्षांनी उलगडली. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ कळतच नसे. मग तांबड्याची काच उमटली कशी? १९६१ साली कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी त्याचे कारण दाखवले. फितीतला तांबडा भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, ते तांबड्या द्रावणातून पार होत होते आणि काचेवर नेमके तेच उमटले होते. प्रयोग साधला, पण कारण वेगळेच होते! डोळ्याला जे दिसते आणि यंत्राला जे दिसते ते एकच असेल असे धरून चालू नये, हा धडा आपल्या हळदीच्या पट्टीलाही लागू आहे.

सतरा माणसांची नजर

विसाव्या शतकात रंगकाम, छपाई आणि सिग्नलचे दिवे यांसाठी सर्वमान्य मापाची गरज भासू लागली. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षक घेतले. समोरच्या ठिपक्यात वर्णपटातला एक शुद्ध रंग. शेजारी तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश. प्रत्येकाची तीव्रता कमीजास्त करून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. या वाचनांवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एक 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. आजही जगभरातले पडदे, शाई आणि कॅमेरे यांची रंगगणिते त्याच पायावर उभी आहेत. सतरा माणसांच्या नजरेची सरासरी!

या प्रयोगांत एक अडचणही दिसली. काही शुद्ध रंग तीन प्रकाशांच्या कोणत्याही मिश्रणाने जुळत नसत. तीनांपैकी एक प्रकाश पलीकडच्या बाजूला, म्हणजे शुद्ध रंगातच, मिसळावा लागे. गणितात त्याला ऋण संख्या म्हणता येईल. पडद्यावर मात्र ऋण प्रकाश देता येत नाही. म्हणून तीन रंगांच्या कोणत्याही पडद्यावर डोळ्याला दिसू शकणारे सगळे रंग मावत नाहीत. लोलकाने भिंतीवर पाडलेला शुद्ध वर्णपट आणि त्याचे पडद्यावरचे चित्र यांत फरक राहतोच. वर्गात दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत.

संगणकात रंग

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या बाळाचे छायाचित्र संगणकात उतरवले, ते १७६ × १७६ ठिपक्यांचे आणि कृष्णधवल होते. रंगाने चित्र काढता येईल अशी सोय १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' या यंत्रणेत केली. त्यात एका वेळी २५६ रंग वापरता येत. पुढे प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा यांना ० ते २५५ असे प्रत्येकी २५६ टप्पे मिळाले आणि १,६७,७७,२१६ जोड्या शक्य झाल्या.

पण चित्रकार असे आकडे मनात धरून रंगवत नाही. तो विचार करतो: रंग कोणता, किती गडद, किती उजळ. सुपरपेंटवर काम केलेल्या अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी १९७८ साली तीन आकड्यांचे रंगछटा, संपृक्तता आणि तेज अशा तीन मापांत रूपांतर करण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. टॉमस आणि जॉन नोल या भावांच्या कामातून आलेला व १९९० साली अडोबी कंपनीने बाजारात आणलेला फोटोशॉप, आणि त्यानंतरचे असे बहुतेक कार्यक्रम, ही मापे वापरू देतात.

आता प्रश्न असा की २५५ म्हणजे किती तांबडा? प्रत्येक पडद्याचा तांबडा वेगळा. म्हणून १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'एसआरजीबी' हे प्रमाण सुचवले आणि १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यात तीन मूळ रंग आणि पांढरा रंग कोणते हे १९३१ च्या मापांत सांगितलेले आहे. असे प्रमाण ठरलेले नसेल तर तीन आकडे म्हणजे नुसते आकडेच. 'पाच' म्हणावे आणि वीत की हात ते सांगू नये, तसे.

या प्रमाणात जुन्या काचनळीच्या पडद्याचाही ठसा राहिला आहे. त्या नळीचा उजेड विजेच्या दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे. म्हणून आजही १२८ हा आकडा निम्मा उजेड देत नाही. जेमतेम २२ टक्के देतो. निम्म्या उजेडासाठी सुमारे १८८ लागतात. हे स्वतः पाहता येते. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक-एक ठिपका जाडीच्या आडव्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा चौकोन करा. शेजारी १२८ चा आणि १८८ चा राखाडी चौकोन भरा. चित्र मूळ आकारात ठेवून दूर उभे राहा. रेघांचा चौकोन १८८ शी जुळतो. ही गोष्ट न जाणता आकड्यांची सरळ सरासरी काढणारे सॉफ्टवेअर तांबड्या आणि हिरव्याची कड पुसट करताना मध्ये मळकट काळसर पट्टा उमटवते.

पुन्हा हळदीकडे

मोबाइलमध्ये आणखी दोन गोष्टी घडतात. बहुतेक कॅमेऱ्यांत कोडॅकच्या ब्राइस बायर यांची १९७६ सालच्या पेटंटातली रचना असते: चार संवेदकांपैकी दोघांवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी गाळणी. म्हणजे प्रत्येक जागी एकच रंग मोजला जातो. बाकीचे दोन आकडे शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. शिवाय उजेड उन्हाचा की दिव्याचा याचाही अंदाज बांधून कॅमेरा आकडे बदलतो. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, आणि ती ठरवलेली असते चित्र डोळ्याला बरे दिसावे म्हणून. आमच्या तीन मोबाइलांनी तीन उत्तरे का दिली ते आता कळेल.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोग बदलला. साध्या पाण्याची, खाण्याच्या सोड्याची आणि साबणाच्या पाण्याची अशा तीन पट्ट्या एका पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या आणि सगळ्या एकाच छायाचित्रात घेतल्या. तिन्ही मोबाइलांचे आकडे या वेळीही निरनिराळे आले. पण हिरवा आकडा पांढऱ्या कागदाच्या मानाने कोणत्या पट्टीत जास्त उतरला, हा क्रम तिघांचाही सारखाच होता: साबणाच्या पट्टीत सर्वांत जास्त, सोड्याच्या पट्टीत त्याहून कमी, पाण्याच्या पट्टीत सर्वांत कमी. मॅक्सवेलने भोवऱ्यावर हेच केले होते. एकाच उजेडात, एकाच नजरेने, दोन रंग शेजारी ठेवले होते.

बाईंनी वहीत तो क्रम लिहून घेतला आणि खाली एक ओळ जोडली: 'मुलांकडून करून घेताना पांढरा कागद विसरू नये.'